पलीकडचा हात

१

भिंत खरं तर दोघांपैकी कुणालाच नको होती. पण रागात माणूस बोलून जातो आणि मग बोललेलं करून दाखवणं भाग पडतं, तसं त्या दोघा भावांचं झालं.

शेलूबाजारजवळच्या ओढ्याकाठी शालिकराम आणि नथ्थू यांची भाजीपाल्याची वाडी होती. विहीर एक, मोट एक आणि गावात घरही एकच. मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खोल गेलं. एके दिवशी नथ्थूनं, धाकट्यानं, आपल्या वांग्यांवर मोट जरा जास्त वेळ चालू ठेवली आणि शालिकरामच्या मिरचीच्या रोपांनी माना टाकल्या. शब्दानं शब्द वाढला. जे भाऊ एका ताटात जेवत, त्यांनी पाण्याची पाळी वाटून घेतली. सकाळ नथ्थूची, दुपार शालिकरामची. मग घर वाटून घेतलं.

घर म्हणजे एक लांबलचक खोली. पुढं ओटा, ओट्यावर उघडणारी दोन दारं. फुलचंद सुतारानं कापसाच्या जिनात मोडीत निघालेल्या फळ्या आणल्या आणि खोलीच्या मधोमध, जमिनीपासून आढ्यापर्यंत, उभ्या ठोकून दिल्या. एक दार इकडं गेलं, एक तिकडं.

फळ्या उन्हानं वाळल्या तशा एकमेकींपासून सरकल्या. सांध्यांतून दिव्याचा उजेड येऊ लागला, चुलीचा धूर येऊ लागला. नथ्थू खोकला तरी इकडं कळायचं.

"ह्या सांदी बुजव," शालिकराम बायकोला म्हणाला. "मले तिकडचा उजेडबी नको."

गिरजाबाईनं मान हलवली. तिला भांडण पटलं नव्हतं, पण काम येत होतं. जुनं धोतर फाडून तिनं लांब पट्ट्या काढल्या. ज्वारीच्या पिठाची पातळ खळ शिजवली. पट्टी खळीत बुडवायची, निथळायची, वरून खाली सांध्यावर बसवत न्यायची आणि तळहातानं दाबायची. ती सुकली की वरून पांढऱ्या मातीचा, गाळलेल्या शेणाचा आणि बारीक भुशाचा हात. तो वाळताना तडकतो, म्हणून दुसरा हात. मग नदीतल्या गुळगुळीत गोट्यानं घासायचं, इतकं की बोट फिरवलं तरी सांधा कुठं होता ते कळू नये.

शालिकराम दुपारी वाडीत जाई आणि मग ती भिंतीशी बसे.

२

दुसरा की तिसरा सांधा चालू होता. गिरजाबाई ओल्या मातीवरून तळहात फिरवत होती आणि तिच्या लक्षात आलं की आवाज एकच येत नाही.

तिनं हात थांबवला. पलीकडचा आवाज थोडा पुढं गेला आणि थांबला.

ओल्या मातीवरून हात फिरल्याचाच आवाज. त्यात चुकण्यासारखं काही नव्हतं. जन्मभर तिनं तो ऐकला होता.

तिला पहिल्यांदा हसू आलं. प्रयागबाई, नथ्थूची बायको, तिची धाकटी जाऊ. तिलाही नवऱ्यानं हेच काम लावलं असणार. दोघी एकाच भिंतीला दोन बाजूंनी माती लावत बसल्या होत्या, आणि भांडण झाल्यापासून दोघींनी एकमेकींकडं पाहिलंही नव्हतं.

तिनं पुन्हा हात फिरवला. पलीकडचा हात बरोबर चालला. ती वर गेली की तो वर, ती खाली आली की तो खाली. जात्यावर दोघी समोरासमोर बसल्या की खुंटा जसा दोघींच्या हातात एकच होऊन फिरतो, तसं तिला वाटलं. कितीतरी दिवसांनी तिचा जीव हलका झाला.

पुढच्या दुपारी तिनं धीर करून हळूच म्हटलं, "प्रयाग, माही पट्टी खालून ढिली पडून राह्यली."

उत्तर आलं नाही. पण पलीकडचा हात खाली उतरला, ती ढिली जागा होती तिथंच थांबला आणि दाबू लागला. पट्टी तिच्या डोळ्यांदेखत सपाट बसली.

मग ती रोज बोलू लागली. मेथीला कीड लागली, कोंबडी खुडूक बसली, असलंच काहीतरी. पलीकडून शब्द येत नसे, हात चाले. प्रयागबाईचा स्वभावच अबोल, आणि घरात नवरा असताना ती बोलणार तरी कशी. गिरजाबाईला तेवढंच पुरे होतं. शालिकरामला मात्र तिनं यातलं काही सांगितलं नाही.

एकच गोष्ट तिला जरा खटकली, तीही घरी नाही, चुलीपुढं नाही, वाडीत मिरच्या तोडताना. पलीकडं एवढा हात फिरतो, तर बांगड्या कशा वाजत नाहीत? प्रयागबाईच्या हातात मनगट झाकेल इतका चुडा असायचा. काढून ठेवत असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. मातीत खराब होतो म्हणून.

पण सवाष्ण बाई मातीसाठी चुडा काढत नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

३

विहिरीवर मनकर्णाबाई भेटली. शेजारची म्हातारी, सगळ्या गल्लीची काकी.

"प्रयागचा काही निरोप आला काय वं?" तिनं विचारलं.

"कायचा निरोप, काकी?"

"आता ती मानोऱ्याले मायच्या घरी जाऊन बसली, तं इचारलं. फळ्या ठोकल्या त्याच दिवशी गेली ना ती, तू वाडीत होती तवा. बैलाच्या दमनीत बसून रडत गेली. तुले मालूम नाही काय?"

गिरजाबाईनं घागर भरली, डोक्यावर घेतली, आणि घरापर्यंत येताना ती कुठून आली ते तिला आठवलं नाही.

मग नथ्थू. दुसरं कोण असणार? सकाळची पाळी आटोपून तो दुपारी घरीच असतो. बाई माहेरी गेली, म्हणून स्वतःच फटी बुजवत असेल. पुरुषानं माती लावायला काही बंदी नाही. बांगड्या नाहीत, तेही जुळलं. ती इतके दिवस कोंबडीच्या आणि मेथीच्या गोष्टी दिराला सांगत बसली, या विचारानं ती शरमली.

पण मनातलं दुसरं मन तेवढ्यावर गप्प बसेना. नथ्थूचे हात मोटेचा दोर ओढून ओढून खरखरीत झाले होते. त्या हातानं माती खरडली जाते. पलीकडचा हात मऊ होता. आवाजावरून हात मऊ की खरखरीत ते कळतं का, असं तिनं स्वतःलाच विचारलं. तिला कळत होतं.

दुपारी ती भिंतीशी गेली नाही. चुलीपाशी बसून राहिली. बराच वेळ काही झालं नाही. मग पलीकडचा हात आपणहून चालू झाला. सावकाश, वरपासून खालपर्यंत. जिथं ती रोज बसायची त्या जागेसमोर येऊन तो थांबला, जरा वेळानं पुन्हा फिरला, पुन्हा तिथंच थांबला.

वाट पाहणारं माणूस करतं तसं.

४

दुसऱ्या दिवशी शालिकराम वाडीत गेल्यावर तिनं आपल्या दाराची कडी बाहेरून लावली आणि नथ्थूच्या दारात जाऊन उभी राहिली. एकच सांधा बुजवायचा राहिला होता. सगळं आटोपण्याआधी पाहून घ्यावं, एवढंच तिच्या मनात होतं.

नथ्थू खाटेवर पडला होता. वहिनीला दारात पाहून तो धडपडत उठला.

"भाऊजी, तुमी भितीले माती लावून राह्यले काय?"

"मी?" नथ्थूला प्रश्न कळलाच नाही. "मी कायले लावू? तुमीच तं लावता रोज. मी इथं पडून आयकतो."

"इकडून कोनी लावत नाही?"

"पाहा ना तुमी. या आत."

ती आत गेली. भिंत उघडी होती. नुसत्या फळ्या, कोरड्या, जिनातल्या तेलाचे जुने डाग पडलेल्या. सांध्यांतून तिच्या पट्ट्यांच्या पाठी पांढऱ्या रेघांसारख्या दिसत होत्या. जिथं तिची पट्टी ढिली होती आणि पलीकडून दाबली गेली होती, ती जागा तिनं वाकून शोधली. तिथं कोळ्याचं जाळं होतं. जुनं, धुळीनं भरलेलं, कुणी बोटही न लावलेलं.

"वहिनी," नथ्थू चाचरत म्हणाला, "एक इचारू? तुमी दोन्ही हातानं लावता काय? मले दोन हात वाजल्यावानी आयकू येते."

ती उत्तर देणार, तेवढ्यात आवाज सुरू झाला.

तिच्या बाजूनं.

नथ्थूनं भिंतीकडं पाहिलं, मग तिच्याकडं पाहिलं. तिचे हात तिच्या पदरात होते. 

न बुजवलेल्या त्या एका सांध्यातून तिच्या घरातला उजेड येत होता. तिच्याकडं बाहेरच्या भिंतीत एक झरोका होता, दुपारी त्यातून ऊन पडे. ती उजेडाची उभी रेघ आता खालून मिटत येत होती. गिरजाबाई पट्टी नेहमी वरून खाली लावायची, ही खालून वर येत होती. हात फिरला की वीतभर उजेड जायचा. पुन्हा हात फिरायचा.

नथ्थूनं तिचा दंड धरला होता, पण तिनं तो सोडवून घेतला. तिला पाहायचं होतं. तिनं उरलेल्या फटीला डोळा लावला. आपली चूल दिसली, उतरंड दिसली, कोपऱ्यातलं मातीचं घमेलं दिसलं. मग अगदी जवळून, फटीला चिकटून, काहीतरी वर सरकलं. कोपरापर्यंत पांढऱ्या मातीनं माखलेलं. मनगट कुठं संपतं आणि बोटं कुठं सुरू होतात ते काही तिला नीट दिसलं नाही. पाहिलं ते काय होतं हे ठरवायच्या आत ओली पट्टी तिच्या डोळ्यासमोर येऊन बसली.

दोघं ओट्यावर धावले. तिच्या दाराची कडी बाहेरून लावलेली, होती तशीच. नथ्थूनं काढली. आत कुणी नव्हतं. शेवटचा सांधा भरला होता, माती ओली होती, आणि भिंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सपाट होती. गिरजाबाईनं आपण बुजवलेले सांधे शोधून पाहिले. एकही सापडला नाही.

५

संध्याकाळी शालिकरामनं भिंत पाहिली. "झ्याक झालं," तो म्हणाला. एरवी तो असं म्हणत नसे.

रात्रभर तिनं विचार केला आणि सकाळी त्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही, रागावलाही नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नथ्थूच करत असंल. लहानपनापासून तसाच हाय तो. बोलाचं असंल की सरळ बोलनार नाही, खोड्या करंल."

"भाऊजी माह्याजवळ उभे होते जी."

"मी पाहतो दुपारी."

दुपारी तो वाडीत गेला नाही. तिघं अंगणात उभे राहिले, ती मधे, भाऊ दोन बाजूंना. महिनाभरात ते एवढे जवळ आले नव्हते. तरी ते तिच्यामार्फतच बोलत होते.

"त्याले सांग, त्यानं त्याच्याकडं जावं. मी माह्याकडं जातो."

"दादाले म्हना, मी जातो. पन मले तिथं थांबवत नाही."

दोघं आपापल्या दारातून आत गेले. गिरजाबाई शेवग्याच्या झाडाखाली उभी राहिली. तिथून दोन्ही दारं दिसत होती.

थोड्याच वेळात नथ्थू बाहेर आला. चेहरा राखेसारखा झाला होता. तो येऊन तिच्या पायाशी जमिनीवर बसला.

"चालू झालं," तो म्हणाला. "दादाच्या बाजूनं. दादाच लावत असंल ना, वहिनी?"

आतून शालिकरामचा आवाज येऊ लागला होता. शब्द कळत नव्हते, पण तो बोलत होता. थोडं बोलायचा, थांबायचा. समोरच्याचं उत्तर ऐकून घ्यावं तेवढं थांबायचा आणि पुन्हा बोलायचा. एकदा तो हसला. एकदा त्याचा आवाज दाटून आल्यासारखा वाटला.

नथ्थू खाली मान घालून बसला होता. गिरजाबाई त्याच्या टाळूकडं पाहत होती. नवऱ्याला हाक मारावी असं तिला फार वाटत होतं, पण त्या थांबण्यांत आपला आवाज जाऊ नये असंही वाटत होतं. का ते तिला सांगता आलं नसतं.

शालिकराम बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. किती वर्षांनी तिनं त्याचा चेहरा इतका मोकळा पाहिला.

"मिटलं आमचं," तो म्हणाला. "लय बोलला आज नथ्थू. म्हने, पान्याची पाळी तुमी म्हनसान तशी. माहीच चुकी होती म्हने. मी म्हनलं, बरं, मंग भीत पाडून टाकू. तं म्हने, नको दादा. भीत राहू द्या. मी इकडं बरा हाय."

मग त्यानं खाली, बायकोच्या पायाशी बसलेल्या भावाकडं पाहिलं. "तू कधी आला बाहेर?"

नथ्थूनं वर पाहिलं. भाऊ त्याच्याशी बोलला होता. सरळ, त्याच्याकडं तोंड करून.

"आत्ताच," तो म्हणाला. "हो दादा. मीच म्हनलं."

६

नथ्थू दुसऱ्या दिवशी मानोऱ्याला जाऊन प्रयागबाईला घेऊन आला. पण घरात तिला नेलं नाही. पीक राखायला कुणीतरी वाडीतच राहायला पाहिजे, असं सांगून त्यानं विहिरीजवळ झोपडी बांधली आणि दोघं तिथंच राहू लागले. गावातल्या त्याच्या दाराला कडी लागली ती लागलीच.

शालिकराम आता सकाळी वाडीत येई, भावाच्या खांद्याला खांदा लावून मोट चालवी, एकाच पानावर दोघं भाकर खात. दुपार झाली की तो घरी जाई आणि भिंतीला पाठ लावून बसे.

गिरजाबाई पहिले काही दिवस त्याला म्हणाली, "भाऊजी वाडीत हायेत जी. मी आत्ता तिकूनच आली."

"असंल," तो म्हणे. "इकडंबी हाय."

त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. ती वाद घालायला जाई आणि मधेच तिचाच धागा सुटे. माणूस सुखात होता. त्याला नीट झोप लागत होती. भाऊ भावाशी बोलत होते. मग यात बिघडलं काय, हे तिला शब्दात मांडता येईना. तिनं प्रयागबाईला सांगून पाहिलं. प्रयागबाई ऐकत राहिली आणि मेथीची जुडी पुन्हा पुन्हा सोडून बांधत राहिली.

नथ्थूला मात्र एक वेगळंच काम लागलं. सकाळी शालिकराम वाडीत आला की म्हणे, "काल तू म्हनला तसंच करू." आणि नथ्थूला हो म्हणावं लागे. एकदा त्याच्यानं होकार चुकला, तेव्हा शालिकराम त्याच्याकडं असा पाहत राहिला, की जणू परका माणूस वाडीत शिरला आहे. तेव्हापासून नथ्थू सकाळी वहिनीला आधी गाठी आणि हळू आवाजात विचारी, "काल म्या काय म्हनलं?"

आणि गिरजाबाई रात्री जेवताना नवऱ्यानं जे सांगितलं असेल ते त्याला सांगे. काल तुम्ही म्हणालात, दोडक्याचा मांडव उंच करू. काल तुम्ही म्हणालात, रिसोडच्या बाजाराला यंदा जाऊ नये. तो ऐकून घेई आणि तसं वागे. दोडक्याचा मांडव उंच झाला. रिसोडला कुणी गेलं नाही. हळूहळू वाडीत नथ्थूच्या मनानं असं काही होईनासं झालं.

७

एक दिवस शालिकराम सकाळी वाडीत आलाच नाही. गिरजाबाई एकटी आली. नथ्थूनं मोट थांबवली.

"दादा?"

"घरीच बसले. आज नाही येत म्हनले."

"काल म्या काय म्हनलं, वहिनी?"

ती सांगेना. त्यानं पुन्हा विचारलं. झोपडीच्या दारात प्रयागबाई येऊन उभी राहिली.

"काल तुमी म्हनलं," गिरजाबाई म्हणाली, "आता लय झालं दादा. उद्या मी भाईर येतो."

नथ्थू बैलांच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. पाटात उरलेलं पाणी मेथीच्या वाफ्यातून उतू जाऊन वाटेवर पसरलं, तरी त्यानं पाहिलं नाही.

"उद्या म्हंजे आज," तो म्हणाला.

मग त्यानं बैल सोडले. वाफे अर्धे कोरडे होते, पण सोडले. प्रयागबाईनं आत जाऊन दोन पातळं आणि एक तांब्या गाठोड्यात बांधला. ती पुन्हा मानोऱ्याची वाट होती, आणि यावेळी दोघांची.

"वहिनी, चला तुमीबी," नथ्थू म्हणाला.

"हे घरी हायेत ना," गिरजाबाई म्हणाली.

मग त्यानं वाकून तिच्या पायांना हात लावला. त्याचा हात खरखरीत होता, मोटेच्या दोरानं सोललेला. तिला तो स्पर्श घट्ट धरून ठेवावासा वाटला. ओढ्यापलीकडं दोघं दिसेनासे होईपर्यंत ती बांधावर थांबली. तिनं मुद्दाम पाहिलं, की नथ्थू आपल्या पायांनी, आपल्या बायकोबरोबर, तिकडं चालला आहे. पुढं जे दिसेल त्यापुढं तेवढं तरी आपल्याजवळ खात्रीचं असावं.

घरी पोचली तेव्हा ऊन ओट्यावर आलं होतं. नथ्थूच्या दाराची कडी काढलेली होती आणि दार सताड उघडं होतं.

ओट्यावर शालिकराम बसला होता, अंगणाकडं पाठ करून. त्याच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून, आणखी एक जण बसला होता. त्याचीही पाठ अंगणाकडं होती. खांद्यांची ठेवण नथ्थूची होती. सदरा तिनं कधी पाहिलेला नव्हता, किंवा तो सदरा नव्हताच. मानेवर, जिथं केस संपतात तिथं, काहीतरी पांढरं वाळून तडकलं होतं.

ती अंगणाच्या मधोमध थांबली.

शालिकरामनं मागं वळून न पाहताच तिची चाहूल ओळखली. "आली काय?" तो म्हणाला, मायेनं. "पाहा, आला नथ्थू. भाकर टाक दोघायले."

शेजारचा माणूस वळू लागला होता. सावकाश, बसल्या जागी, आधी खांदा.

"टाकते," गिरजाबाई म्हणाली.